कागदाची चाल : दस्तकापासून ई-वे बिलापर्यंत



आमचे पाली गाव रत्नागिरी तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर आहे. पाली म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बल्लाळेश्वराची पाली उभी राहते; परंतु ती रायगड जिल्ह्यातील, ही नव्हे. आमच्या वाट्याला अष्टविनायकांपैकी कोणी आला नाही. आला तो रस्त्याचा फाटा. रत्नागिरीहून हातखंब्यावरून येणारी वाहतूक येथे दुभंगते. एक वाट लांजा-राजापूर करीत गोव्याकडे जाते, तर दुसरी नाणीज, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढते व कोल्हापुरास पोहोचते. फाट्यावरच्या गावाला जी करमणूक असावयाची ती आम्हांसही आहे. संध्याकाळच्या वेळी मालमोटारी चहासाठी थांबतात आणि आमच्यासारखी रिकामी माणसे त्यांच्याकडे पाहत बसतात.

ह्या पाहण्यातून एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी मालमोटारीच्या चालकाजवळ कागदांची फुगलेली पिशवी असे. तीत मालाचे बीजक, वाहतूकदाराची पावती, नाक्यावरची जकातपावती, विक्रीकराचे नमुने आणि त्या सर्वांना बांधणारी सुतळी असे सारे असावयाचे. आज चालक खिशातून दूरध्वनीचे यंत्र काढून त्यावरील बारा अंकांचा एक क्रमांक दाखवितो. तपासणी करणारा अधिकारी तो क्रमांक आपल्या यंत्रात घालतो आणि माल कोणाचा, कोणास निघाला, किती किमतीचा, कोणत्या गाडीत, हे सर्व त्यास तेथेच दिसते. ह्या क्रमांकाच्या कागदास ई-वे बिल म्हणतात. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला, त्यानंतर हे बिल १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस व त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून महाराष्ट्राच्या अंतर्गत वाहतुकीस लागू झाले. परराज्यात जाणारा माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असला, अथवा राज्यातल्या राज्यात फिरणारा १ लाखाहून अधिक किमतीचा असला, म्हणजे ते काढावे लागते. आमच्याकडील हापूसच्या पेट्यांना मात्र ते लागत नाही, कारण ताजे फळ करमुक्त आहे. तोच आंबा रस होऊन डब्यात बंद झाला की त्यास कागद चिकटतो.

ही व्यवस्था सर्वस्वी आजची आहे असे आपण समजतो. यंत्र आजचे आहे ह्यात संशय नाही. परंतु कागदाने कोणाच्या हातून निघावे, मग कोणाच्या नजरेखालून जावे, कोणत्या वहीत उतरावे आणि अखेरीस कोणाच्या शिक्क्याने पक्के व्हावे, ही साखळी बांधण्याची विद्या आमच्या महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा थोडा इतिहास पाहिला तर आजच्या यंत्राने काय साधले आणि काय गाळले, हे अधिक स्पष्ट दिसेल, म्हणून आजचे हे बोलणे.

१६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्यावेळी अष्टप्रधानांच्या कामांची वाटणी ठरविणारा कानुजाबता तयार झाला. त्यात अमात्याकडे जमाखर्चाची चौकशी व दप्तरदार-फडणिसांवरील देखरेख दिली आहे, ते स्वाभाविकच आहे. मला नेहमी आश्चर्य वाटत आले ते सचिवाच्या कामाचे. राजपत्रे तपासावीत, त्यांत कोठे अक्षर अधिक पडले असेल अथवा उणे राहिले असेल तर ते शोधून शुद्ध करावे, आणि मग संमतीचे चिन्ह करावे, असे त्याचे काम सांगितले आहे. राज्यातील आठ श्रेष्ठ माणसांपैकी एकाला अधिक-उणे अक्षर पाहण्यासाठी बसविले होते! शाळेत चाळीस-चाळीस वह्या तपासणाऱ्या आम्हां शिक्षकांना ह्याचा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. हे पद प्रथम अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. आमच्या कोकणातील जमिनींच्या मोजणीचे व धारा ठरविण्याचे कामही त्यांनीच केले. ज्याने शेताचा धारा ठरवावयाचा त्यालाच अक्षराचे मोल ठाऊक असणार. एका शून्याच्या चुकीने कुळाचे घर बसते.

त्याच सुमारास महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या ह्या कोशात सुमारे चौदाशे शब्द असून त्यांचे दहा वर्ग केले आहेत. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग हे असणारच. परंतु लिहिण्याच्या व्यवहाराला स्वतंत्र लेखनवर्ग आणि व्यापाराला स्वतंत्र पण्यवर्ग दिलेला आहे. लेखणी व तराजू ही राज्याची निराळी अंगे आहेत, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना उमगले होते असे ह्यावरून म्हणता येईल.

पुढे पेशवाईत ही साखळी फार लांब झाली. पुण्याच्या हुजूर दप्तरात, नाना फडणिसांच्या भरभराटीच्या काळात, सुमारे दोनशे कारकून काम करीत असे सांगतात. त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. दिवसाचा व्यवहार प्रथम रोजकिर्दीत चढे. कोणी आणून दिले, कोणास दिले, कोणत्या हुकुमाने दिले, हे सारे आले त्या क्रमाने त्यात लिहिले जाई. तेथून ती रकम खतावणीत आपापल्या खात्यावर जाई. खतावणीवरून तेरीज निघे, म्हणजे बेरजांचा सारांश. आणि वर्षअखेर ताळेबंद. निरनिराळ्या प्रांतांचे हिशेब एकत्र जुळविण्यासाठी एकबेरीज नावाचे स्वतंत्र दप्तर होते. एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना दोन कारकून समोरासमोर बसत. एकाने वाचावे, दुसऱ्याने ताडून पाहावे, आणि जुळले म्हणजे ‘रुजू’ अशी खूण करावी. आज नोकरीवर हजर होण्याला आपण रुजू होणे म्हणतो. दप्तरात मात्र रुजू होणे म्हणजे मुळाशी ताडून बरोबर ठरणे. सनद किंवा पत्र असेल तर अखेरीस मोर्तब होई, त्यानंतर त्या कागदात कोणी अक्षर घालू शकत नसे. ‘अमक्या गोष्टीवर मोर्तब झाले’ हे शब्द आपण आजही वर्तमानपत्रात वाचतो. सरकारी कचेऱ्यांत आवक-जावक टपालाच्या नोंदीला अजून बारनिशी म्हणतात, आणि वाणिज्य शाखेच्या मुलाला रोजकीर्द व खतावणी हेच शब्द शिकावे लागतात. राज्य गेले तरी कागदाची वाट शब्दांत शिल्लक राहिली, ती अशी.

ही रीत मोडली केव्हा, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ नंतर, महाल मक्त्याने देण्याचा प्रकार बोकाळला. जो अधिक बोली करील त्याला महाल. उक्ती रकम आली की सरकारचे समाधान. मग रोजकीर्द व खतावणी ताडून पाहण्याची गरज कोणाला? १८१८ साली इंग्रजांनी दप्तर ताब्यात घेतले तेव्हा ह्या वीस-बावीस वर्षांच्या नोंदी विस्कळीत व अपुऱ्या आढळल्या. पूर्वीच्या काळाचे रुमाल मात्र हजारोंनी सुस्थितीत होते. १९३० ते १९३४ ह्या अवघ्या चार-पाच वर्षांत रियासतकार सरदेसाई यांनी त्या रुमालांतून निवडलेले कागद पंचेचाळीस खंडांत छापून काढले. ते शक्य झाले त्याचे पुष्कळसे श्रेय त्या नाव न राहिलेल्या कारकुनांना आहे.

आता सरकारी दप्तरातून बाहेर पडून व्यापाऱ्याच्या बाजूने हाच प्रश्न पाहू. राजापूर हे कोकणातील मोठे बंदर. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती व १६६१ साली महाराजांनी ती लुटली, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो. राजापूरच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जावयाचा. त्या वाटेवर जकातीची ठाणी असत, आणि आकारणी बहुधा बैलाच्या ओझ्यावर. माल ठाण्याबाहेर निघाला की थळभरीत, उतरला की थळमोड, मधल्या वाटेवर वेगळे; शिवाय ठिकठिकाणचे हक्कदार आपापला वाटा मागत. सरकारातून दस्तक मिळाले तर त्यावर अमुक इतके बैल अडवू नयेत असा मजकूर असे. परंतु प्रत्येक व्यापाऱ्यास दस्तक कोठून मिळणार? तांड्याबरोबर चालणाऱ्या बिचाऱ्याला हिशेब कळेना, वाचता येईना, आणि ठाणेदाराचा शब्द हाच कायदा.

ह्या अडचणीतून एक धंदा जन्मास आला. हुंडेकरी नावाचे लोक पुढे आले. ते व्यापाऱ्याकडून उक्ती रक्कम घेत, तिला हुंडा म्हणत. आणि मुक्कामापर्यंतच्या सर्व जकाती आपण भरू, माल अमुक ठिकाणी पोहोचवू, अशी हमी देत. प्रत्येक ठाण्याशी त्यांचे खाते असे. व्यापाऱ्याने एकदा हुंडेकऱ्याशी करार केला की वाटेतल्या दहा कागदांची कटकट त्याच्या डोक्यावरून उतरली. हुंडेकरी हे आडनाव आजही आपल्याकडे आढळते. माझ्या मते आजच्या कागद चालविणाऱ्या यंत्राचा खरा पूर्वज हा हुंडेकरीच होय; कारण दहा ठाण्यांची दहा दप्तरे एकमेकांशी बोलत नव्हती, ती ह्याने आपल्या वहीत बोलती केली. ठाणी बदलली नाहीत, परंतु व्यापाऱ्यापुरते ती नाहीशी झाली. अर्थात ह्या सोयीची किंमत तो पुरेपूर वसूल करी, हे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी मुंबई इलाख्यातील मार्गजकाती काढून टाकल्या. पुढे शहरांच्या वेशीवर जकातनाके आले व एक शतकाहून अधिक काळ टिकले. मुंबई महानगरपालिकेचे नाके २०१७ साली बंद झाले, तेव्हा तेथील मालमोटारींच्या रांगा प्रथमच ओसरल्या.

कागद यंत्राने चालविण्याचा आरंभ परदेशात कोठे झाला हे ऐकून गृहिणींना मौज वाटेल. लंडनमध्ये लायन्स नावाची चहा-केकची कंपनी होती. तिची उपाहारगृहे गावोगाव पसरलेली असल्यामुळे पावाच्या लाद्यांचा हिशेब ठेवणे हेच एक राज्य चालविण्यासारखे होते. त्या कंपनीने स्वतःसाठी लिओ नावाचा संगणक बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर आपल्या भट्ट्यांच्या मालाचा हिशेब नियमितपणे करण्यास आरंभ केला. कचेरीच्या रोजच्या कामाला संगणक लावल्याचे हे पहिले उदाहरण होय. आपल्या देशात आयुर्विमा महामंडळाने साठीच्या दशकात यंत्रे आणली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कडवा विरोध केला. माणसांच्या नोकऱ्या जातील ही त्यांची भीती निराधार नव्हती. पुढे बँका आल्या, रेल्वेची आरक्षणे आली. आज कारखान्यातील खरेदीची मागणी भांडारातून हिशेबनिसाकडे, बँकेतील कर्जाचे प्रकरण शाखेतून मुख्य कचेरीकडे, नोकराचा रजेचा अर्ज वरिष्ठाकडे, हे सर्व आपोआप चालते. पट्टेवाला दिसत नाही.

ह्या सर्वांत मोठा फेरफार झाला तो बीजकात. १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या व्यापाऱ्यांना आपले बीजक सरकारी नोंदणीस्थळी यंत्राद्वारे पाठविणे सक्तीचे झाले. आरंभी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांपुरता हा नियम होता. पायरीपायरीने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून तो ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झाला. बीजक तेथे पोहोचले की त्यास चौसष्ट अक्षरांचा एक क्रमांक मिळतो, यंत्राची सही होते व चौकटीची खूण छापून ते परत येते. हे झाले मोर्तब. तेवढ्यावर ते थांबत नाही. त्याच मजकुरावरून ई-वे बिलाचा पहिला भाग भरला जातो. विकणाऱ्याच्या मासिक करविवरणात ती रकम चढते. आणि घेणाऱ्याच्या खात्यावर भरलेल्या कराची वजावट म्हणून तीच रकम दिसू लागते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज ह्या तीन वह्यांचा प्रवास, जो दोनशे कारकुनांच्या लेखण्यांनी दिवसेंदिवस चालत असे, तो डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पुरा होतो.

हे कौतुक मनापासून आहे. परंतु ‘रुजू’ म्हणणारा कारकून ह्यात कोठे बसतो, हे शोधू गेलो तर मला तो सापडत नाही. यंत्र बेरीज ताडून पाहते, करदात्याचा क्रमांक खरा आहे की नाही पाहते. बीजकावर लिहिलेला माल गाडीत भरलेल्या मालाशी जुळतो काय, हे त्यास कळणार नाही. जुन्या साखळीत चूक एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना अडण्याचा संभव असे, कारण मध्ये डोळे होते. नव्या साखळीत पहिल्या ठिकाणी झालेली चूक सर्व वह्यांत एकाच क्षणी आणि सारख्याच शुद्ध अक्षरांत उतरते. पहिल्या ठिकाणी बसतो कोण? बहुधा महिन्याच्या पगारावर ठेवलेला सर्वांत धाकटा मुलगा. कानुजाबत्याने जे काम सचिवाला दिले होते ते त्याच्या वाट्याला आले आहे.

असाच माझा एक जुना विद्यार्थी आमच्या भागातील आंब्याच्या रसाच्या एका लहान कारखान्यात हिशेब लिहितो. मागल्या एका हंगामात त्याने कोल्हापूरकडे जाणाऱ्या मालाचे बिल काढले. ह्या बिलाचा दुसरा भाग गाडीच्या क्रमांकाचा असतो व तो हातानेच भरावा लागतो. गाडी रत्नागिरीची, म्हणजे ०८ ची. त्याच्या हातून ०९ पडले, म्हणजे कोल्हापूरची झाली. गाडी घाट चढून गेल्यावर तपासणीच्या पथकाने थांबविली. गाडीची पाटी व बिल जुळेना. बिलातील मजकूर एकदा काढल्यावर बदलता येत नाही. चूक असेल तर चोवीस तासांच्या आत ते रद्द करून नवे काढावे, अथवा गाडीचा क्रमांक नव्याने भरावा, अशी सोय आहे, परंतु ती चूक पथकाच्या आधी आपल्याला दिसली तर. रात्री साडेदहा वाजता त्या मुलाचा मला दूरध्वनी आला. बिल बरोबर नसेल तर कराच्या दुप्पट दंड बसतो असे त्याने कोठे तरी वाचले होते व मालकाला सांगण्याचा त्याला धीर होत नव्हता. ‘गुरुजी, माझी नोकरी गेली,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

नोकरी गेली नाही. त्याचे कारण एक परिपत्रक. १४ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय करमंडळाने असे कळविले होते की, बीजक व ई-वे बिल दोन्ही बरोबर असून नावाच्या अक्षरात, पत्त्यात अथवा गाडीच्या क्रमांकातील एक-दोन आकड्यांत किरकोळ चूक असेल, तर गाडी अडकवून जबर दंडाची कारवाई करू नये. केंद्राचे ५०० व राज्याचे ५०० असा १,००० रुपयांचा दंड घ्यावा. त्या मुलाने ते परिपत्रक शोधून काढले, पथकातील अधिकाऱ्याने ते मान्य केले आणि पहाटे गाडी सुटली. अधिक-उणे अक्षराची चौकशी करून ते माफ करण्याचा अधिकार कोणाजवळ तरी असला पाहिजे, हे सरकारला कळावयास ई-वे बिल सुरू झाल्यापासून पाच-सहा महिने लागले. तेवढ्या अवधीत रस्त्यावर किती गाड्या खोळंबल्या असतील!

जमिनीच्या कागदात हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. आता खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले की त्याची खबर तारेने तहसील कचेरीत जाते व फेरफाराची नोंद आपोआप तयार होते. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. मुंबईत गिरणगावात वा उपनगरांत आयुष्य काढलेल्या कोकणच्या माणसाला ह्याचे सुख किती, हे त्यालाच ठाऊक. परंतु कायदा करणाऱ्यांनी येथे एक शहाणपण राखले आहे. नोंद यंत्राने तयार केली तरी ती पक्की होत नाही. हितसंबंधी लोकांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीसाठी मोकळे ठेवतात, तलाठी, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कागद पाहतो आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. एवढ्यानेही लेखनाची चूक राहिली तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ती सुधारण्याचा अर्ज करता येतो. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदारांची नावे असतात. महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनी गेल्या तेव्हा मोबदला ह्या नावांवरूनच वाटला गेला. अशा कागदातील एखादे नाव गळाले तर ते पंधरा दिवस म्हणजे त्या घराचा सगळा आधार. ‘पंधरा दिवस उगाच थांबावे लागते’ अशी तक्रार शहरातील खरेदीदार करतात ती मी अनेकदा ऐकली आहे. ते थांबणे उगाच नाही असे माझे मत आहे, आणि व्यापाराच्या कागदात तसे निदान पंधरा मिनिटांचे तरी थांबणे असावे असेही वाटते.

त्या रसाच्या कारखान्यात आता एक रीत पडली आहे. गाडी भरून झाली की माझा विद्यार्थी यंत्रावरचा क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचतो आणि चालक गाडीच्या पाटीपुढे उभा राहून प्रत्येक आकड्याला ‘होय’ म्हणतो. मग कळ दाबतात. हंगामाच्या धांदलीत मालक कधी कधी त्यांच्यावर चिडतो, परंतु रीत मोडलेली नाही.